सुरुंग मोजणारा अंबाजी

"कानानं न्हाई, पायानं सांग!" अंबाजी फोनवर ओरडला. "पायाला किती कळले?"

फोन अंगणातल्या बाजेवर उशीला टेकवून ठेवलेला, स्पीकर चालू. अंबाजीचा डावा कान सुरुंगांनी केव्हाच नेला होता आणि उजवाही निम्माच शिल्लक होता, त्यामुळे त्या घरातलं फोनवरचं बोलणं सगळ्या गल्लीचं असे. पलीकडून, समुद्रापारच्या अरबी मुलुखातून, त्याच्या मुलाचा, व्यंकटचा आवाज आला.

"अप्पा, पायाचं काय विचारायलाव? पहाटं उठून जीव घेऊन पळालाव आमी. आभाळात फटाफट वाजत होतं. आता सगळं शांत हाय. इथल्या सरकारनं सांगितलंय, नऊ मिसाईल आले, नऊच्या नऊ वरच्यावर पाडले. खाली कायबी पडलं न्हाई. तुमी निवांत चहा प्या."

"तू किती मोजलास?"

"मोजायची येळ होती का ती?"

"व्यंकट, तू माझा पोरगा हाईस. मोजल्याबिगर ऱ्हायला नसशील."

 मग आवाज आला, "आठ."

अंबाजीनं मान वर केली आणि अंगणातल्या माणसांकडं पाहिलं. व्यंकट राहत होता त्या शहरावर मारा झाल्याची बातमी सकाळी टीव्हीवर आली आणि तासाभरात बीदरजवळच्या कमठाण्यातली निम्मी गल्ली या अंगणात जमली. सून शिवकन्या फोनपाशी उकिडवी बसली होती, डोळे रडून लाल. बायको राजूबाई देवापुढचा दिवा अर्धवट सोडून बाहेर आलेली. शेजारचे सिद्धलिंगप्पा मास्तर, नोकरीतून मोकळे झालेले, खुर्ची घेऊनच आले होते. आणि दाराच्या चौकटीला टेकून लिंगम्मा. अंबाजीच्या जोडीदाराची, भीमण्णाची बायको. एकतीस वर्षांपूर्वी भीमण्णा विहिरीतल्या सुरुंगानं गेला, तेव्हापासून या घरात काही बरंवाईट झालं की लिंगम्मा न बोलावता येऊन बसायची.

आता अंबाजी कोण, हे कमठाण्याच्या आसपास कुणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. बीदरच्या या पठारावर वरती लाल जांभा आणि खाली काळा पाषाण. तो पाषाण कुदळीला भीक घालत नाही. घरोघर बोअर पडण्याआधी ज्याला पाणी हवं त्याला विहीर फोडावी लागे, आणि फोडायला अंबाजी लागे. अशा दोनशेच्या वर विहिरी त्यानं फोडल्या. दगडात भोकं पाडायची, त्यात सुरुंगाचे तोटे ठासायचे, वाती पेटवायच्या, दोरानं झपाझप वर यायचं आणि आडोशाला बसून बार मोजायचे. अकरा भोकं भरली असतील तर अकरा बार ऐकू आले पाहिजेत. दहाच आले तर एक खाली मुका बसलाय, आणि त्या विहिरीत त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. सगळ्या धंद्याचं शहाणपण एवढंच, बाकी अंगमेहनत.

इतर सुरुंगवाले एकट्यानं मोजायचे. अंबाजीचा नेम न्यारा. तीन माणसं तीन दिशांना, एकमेकांना दिसणार नाहीत अशी उभी करायची. त्यात एक तरी असा हवा, की ज्याला त्या विहिरीची काही घाई नाही. बार झाला की प्रत्येकानं हरभऱ्याएवढा एक खडा मुठीत धरायचा. शेवटी तिघांनी एकत्र यायचं, एक अक्षर न बोलता, आणि मुठी एकदम उघडायच्या. तिन्ही मुठींचा आणि भरलेल्या भोकांचा मेळ बसला तर उतरायचं. एका खड्याचा फरक पडला की दोर गुंडाळून घरी. शेतकरी करवादायचे, दिवस वाया गेला म्हणून शिव्या घालायचे. हा नेम धरल्यावर पुढं बावीस वर्षं त्यानं धंदा केला आणि त्याच्या हाताखाली माणसाचं नखसुद्धा गेलं नाही. सांगा बरं, असं किती जणांबद्दल म्हणता येतं?

हा नेम त्यानं भीमण्णा गेल्यावर धरला, हे गावाला ठाऊक होतं. भीमण्णा उतावळा होता, थांब म्हटलं तरी थांबला नाही, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. गावानंही तेच धरून ठेवलं होतं.

"अंबाजी, हे बगा, पत्रक आलंय त्यांच्या सरकारचं." मास्तरांनी चष्मा वर ढकलून मोबाईल लांब धरला. "'सर्व नऊ क्षेपणास्त्रे हवेतच नष्ट. जमिनीवर कोणतेही नुकसान नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' आता तुमचा पोरगा झोपेत आठ मोजायलाय म्हणून काय सरकार खोटं?"

मास्तर माणूस सज्जन, पण छापलेल्या अक्षरापुढं ते देवापुढं बसल्यासारखे बसत.

"खोटं कुटं म्हणलो मी?" अंबाजी म्हणाला. "मास्तर, आभाळातनं चाललेली वस्तू आभाळातच गाठायची, ही काय साधी कारागिरी हाय व्हय? उभ्या पाषाणात हातभर भोक सरळ पाडायला मला तीन वर्सं लागली. त्यांनी आठ पाडले असले तरी मी त्यांच्या पाया पडतो. पण पाडायला यांनी खालून किती सोडले?"

"ते कसं सांगतील? गुपित असतंय ते."

"मग मेळ कशाचा घातला? भोकं किती भरली ते सांगायचं न्हाई, अन् सगळे उडाले म्हणायचं! बरं, हे पत्रक काढलं कवा?"

मास्तरांनी खाली-वर बोट फिरवलं. "मारा थांबल्यावर... वीस मिनिटांनी."

"वीस मिनिटांत तर विहिरीतला धूर बी बसत न्हाई," अंबाजी म्हणाला आणि फोनकडं वळला. "व्यंकट, आज कामाला जायलास का?"

"जावं लागतंय की अप्पा. नऊला गेट उघडतंय. आता इथं सव्वासात झालेत. फोरमन म्हणलाय, सरकारनं मोकळं केलंय, मग आपण कामून बसायचं? जो येणार न्हाई त्याला पुढच्या विमानानं घरी धाडणार. अन् क्रेनवर माझं नाव लागायलंय या महिन्यात. पाच वर्सं पाईप वाहिल्यावर! तिकडून बोलायला सोपं हाय तुमाला."

"यार्ड कुटं हाय तुजं? राहायच्या जागेपासून?"

"भिंतीला लागूनच. पाईपांच्या थप्प्या अन् मागं सगळी वाळू."

"पहाटं तुज्यासंगट कोण होतं?"

"बंटी होता, निंबर्ग्याचा. अन् खाजामियां, बीदरचे."

"आकड्याचं बोललास का त्यांच्यासंग?"

"न्हाई."

"मग बोलू नको. एकेकाला फोनवर आण. एक बोलताना बाकीचे भाईर."

"अप्पा, आता ह्या वयात..."

"आण म्हणलं ना!"

राजूबाई पुटपुटली, "अवो, पोरगं आधीच घाबरलंय, त्यात तुमची ही मोजणी." पण तिलाही ऐकायचं होतंच. ती पायरीवर येऊन बसली.

आधी बंटी आला. पंचविशीचा असावा, आवाज अजून कापत होता. "काका, मी आठ मोजले. पायाचं मला इचारू नका. मी टेबलाखाली होतो अन् माजे पायच थरथरायलते." त्या तसल्या वेळीही अंगणात दोघीतिघी हसल्या. अंबाजी हसला नाही. "शाब्बास," तो म्हणाला. "घाबरलास तरी मोजलास. आता भाईर जा अन् खाजामियांला धाड."

खाजामियांचा आवाज संथ होता, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा. "सलाम, अंबाजीचाचा. हवा में आठ. सब ऊपरीच. खिडक्यां हिल्यां."

"अन् पायाला, खाजाभाई?"

खाजामियांनी आवाज उतरवला. "ये बात मैं किसी कू बोल्या नै. नमाज कू उठ्या था मैं, नंगे पाँव, फरश पो. सब होने के बाद एक बार पाँव कू लग्या. आवाज नै था. खाली धप्प. यार्ड के तरफ से."

अंबाजीनं डोळे मिटले. आभाळात फुटतं ते कानाला कळतं, खिडक्यांना कळतं. जमिनीत शिरतं ते तळपायाला कळतं. आणि जे नुसतंच धप्पकन येतं आणि वाजत नाही, ते काय असतं, हे त्या अंगणात एका अंबाजीला आणि बहुधा लिंगम्माला समजत होतं.

व्यंकट परत फोनवर आला. "ऐकलं मी अप्पा, दारातनं. पण नऊचे आठ ऐकू आले म्हणून काय झालं? दोन जोडीनं उडाले असतील. दोन बार एकदम झाले की कानाला एकच वाटतंय, तुमीच सांगितलंय की मला ल्हानपणी. अन् खाजाभाईचं वय झालंय. एवढं आभाळ दणाणल्यावर पाय कापणारच की."

दोन जोडीनं उडाले असतील.

अंबाजीच्या छातीत कळ आली म्हणावं तसा तो बाजेच्या कडेला हात टेकून राहिला. शिवकन्या घाबरून म्हणाली, "मामा, पाणी आणू का?" त्यानं मान हलवली. एकतीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी, नेमकं हेच वाक्य त्यानं स्वतःला ऐकवलं होतं. शब्दसुद्धा तेच. त्याची नजर दाराकडं गेली. लिंगम्मा दोन्ही हात मांडीत घेऊन फोनकडं बघत होती.

त्याला फोन उचलून गोठ्यात जाता आलं असतं. स्पीकर बंद करता आला असता. ऐकू कमी आलं असतं, पण त्याला ऐकायचं नव्हतंच, सांगायचं होतं. एवढं कुणालाही सुचलं असतं आणि त्यालाही सुचलं. पण मनात आलं, ज्या गोष्टीसाठी पोराला पटवायचंय, तीच गोष्ट आपण गोठ्यात लपून सांगितली, तर आपल्यात आणि त्या वीस मिनिटांच्या पत्रकात फरक तो काय राहिला? त्यानं फोन हलवला नाही. उलट आवाज चढवला.

"व्यंकट, ऐक. मधी बोलू नको. भीमण्णा उतावळा नव्हता."

मास्तरांनी मोबाईल खाली ठेवला.

"त्या दिशी अकरा भोकं भरली होती आमी. वाती त्यानं पेटवल्या अन् पळत दूर निंबाखाली गेला. मोजणारा मी होतो, काठावर. दहा झाले. मी ऐकले की रं ते दहा! अकराव्याची वाट बी बघितली. पण सकाळी निरोप आला होता, तुजी आई माहेरी बाळंत झाली, पोरगा झाला म्हणून. दुपारची एस्टी होती. तुजं तोंड बघायची घाई झालती मला. मी मनाला म्हणलं, दोन जोडीनं उडाले असतील. अन् हाळी दिली, अकरा! भीमण्णा आला, हसत म्हणला, जा तू पोराकडं, मी तेवढे दगड बघून येतो. पहार घेऊन उतरला. मी रस्त्याला लागलो अन्... मागं अकरावा वाजला. एस्टीत बसाया सुदीक न्हाई मिळालं मला."

तो फोनकडं आणखी वाकला.

"मग पंचनामा झाला. विहीरवाल्यानं सांगितलं, मयत थांबला न्हाई. मी खाली सही केली. मला लिवता येत होतं, म्हणून सही केली. दहा म्हणावं असं तवा बी वाटलं, अन् त्यानंतर रोज वाटलं. सरकार खोटं हाय असं न्हाई म्हणत मी, व्यंकट. मी बी कुटं खोटा होतो? मला फकस्त अकरा पायजे होते. ज्याला मोजणी सरायची घाई हाय त्यानं मोजू न्हाई, एवढंच मला कळलंय आयुष्यात. तुला क्रेन पायजे, फोरमनला काम पायजे, सरकारला नऊ पायजेत. खाजाभाईला काय पायजे होतं सांग? तो नमाजाला उठला होता. त्याच्या पायाचं ऐक. त्या वाळूत जाऊ नको, बाबा. तुज्यापायी एक गेलाय."

राजूबाईनं पदर तोंडाला लावला. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका ताटातलं जेवण आणि या माणसानं पोटात हे ठेवलं होतं! मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

लिंगम्मा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, नेहमी उठायची तशी. चप्पल पायात सरकवली. अंगणातून चालत गेली आणि फाटक ओढून घेतलं. तिनं मागं पाहिलं नाही. तिला हाक मारायची कुणाची हिंमत झाली नाही.

फोनमधून आवाज आला, अगदी बारीक. "जात न्हाई मी, अप्पा. गेटच्या भाईरच उभा ऱ्हातो. बंटीला बी धरून ठेवतो."

मग जो वेळ गेला, तो विचारू नका. तिकडचं घड्याळ अडीच तास मागं, म्हणजे तिकडं नऊ वाजायला इथं साडेअकरा. साडेअकरा झाले, बारा झाले, एक झाला. बीदरकडून शिकाऊ वैमानिकांची विमानं रोजच्यासारखी डोक्यावरून घरघरत गेली आणि शिवकन्या, जी जन्मात त्यांच्याकडं बघत नसे, ती प्रत्येक वेळी दचकून वर बघायला लागली. भाकरी झाकून ठेवल्या होत्या त्या तशाच राहिल्या. अंबाजी बाजेवर बसून होता. शिवकन्येनं एकदा विचारलं, "मामा, काय नसलं तिथं तर? नोकरी बी जाईल." तो म्हणाला, "नसलं तर लई चांगलं, पोरी. मी येडा ठरलो तर पेढे वाटीन." आणि हे तो मनापासून बोलत होता.

अडीचला फोन वाजला.

"अप्पा!" व्यंकट धापा टाकत होता. "सापडलं. सापडलं तिथं."

मग जे कळलं ते असं. नऊला गेटबाहेर एकोणीस माणसं उभी राहिली. आधी तिघं होती. खाजामियांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तेलुगू बोलणारे, मल्याळी, नेपाळी, एकेक करत येऊन उभे राहिले. फोरमननं शिव्या घातल्या, नावं लिहून घेतली, पत्रक नाकापुढं नाचवलं. शेवटी, तुम्ही भेकड आहात हे दाखवतोच म्हणून स्वतः तरातरा आत गेला. तिसऱ्या थप्पीमागं गेला आणि गेला त्याच्या दुप्पट वेगानं परत आला. वाळूत तिरकी घुसलेली एक लांब वस्तू होती, बैलगाडीच्या दांडीएवढी बाहेर, बाकी आत. मग लष्कराच्या गाड्या आल्या. अर्धा मैल मोकळा केला. सगळ्यांचे फोन घेऊन फोटो पुसून टाकले. ती आलेल्यांपैकी होती की पाडायला सोडलेल्यांपैकी, ते कुणी सांगितलं नाही.

"त्याच थप्पीवर काम होतं अप्पा आज आमाला," व्यंकट म्हणाला. एकतीस वर्षांचा बाप्या माणूस फोनवर हुंदके द्यायला लागला. शिवकन्या तर केव्हाची रडत होती, आता तिनं गळा काढला.

"गप. गप आता," अंबाजी म्हणाला. "जेवलास का?"

"खाजाभाईनं खिचडी केली. जेवलो." मग म्हणाला, "क्रेनचं गेलं, अप्पा. यादीत पयलं नाव माजंच लिवलंय फोरमननं. एकोणीस जणांची कटकट केली म्हणून घरी बी धाडतील."

"ये की मग. घर तुजंच हाय."

संध्याकाळी मास्तर आले. फाटकातच घुटमळले. सकाळची खुर्ची इथंच राहिली होती, तिचं निमित्त होतं. "अंबाजी, आत्ताच बातम्या बगितल्या. अजून बी नऊच म्हणायलेत. जमिनीवर काहीच न्हाई म्हणे." त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो राग करायची त्यांना सवय नव्हती. "मी लिवतो त्यांना पत्र. तुमी सांगा, मी इंग्रजीत लिवतो."

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," अंबाजी म्हणाला. "कुणाला तरी कुटंतरी जायची घाई असंल."

मास्तर खुर्ची उचलून गेले. राजूबाईनं ताट वाढलं, तेव्हा अंबाजीनं टोपी डोक्याला घातली. "कुटं निघालाव?" असं तिनं विचारलं नाही. तिला कळत होतं. तिनं ताटावर ताट झाकलं.

लिंगम्माचं घर गल्लीच्या टोकाला. ती ओट्यावर बसून सुपातली तूर पाखडत होती, दिवेलागणीचा उजेड अजून पुरत होता. अंबाजी खाली, मातीत उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली. दिवसभर त्यानं शब्द जुळवले होते. त्यातला एकही आता सापडेना.

"अक्का," तो म्हणाला.

लिंगम्माचे हात चालूच होते. दोनतीन खडे निवडून तिनं ओट्याखाली टाकले. मग सूप मांडीवर ठेवलं.

"दहाच झाले होते," ती म्हणाली.

अंबाजीला वाटलं, निम्म्या कानानं दगा दिला.

"मी आमच्या तुकड्यात खुरपायलते त्या दिशी. रोज मोजायची मी, अंबाजीअण्णा. ते विहिरीत अन् मी रानात, बोटावर. किती भोकं भरायची ते सकाळीच इचारून ठेवायची. त्या दिशी दहा झाले. मी खुरपं ठेवून उभी ऱ्हायले. मग तुमची हाळी आली, अकरा म्हणून. मग म्हणलं माजंच चुकलं. मोजणारी माणसं तुमी. मी खाली बसले परत."

गल्लीतून कुणाची तरी गाडी गेली.

"अन् मग थोड्या येळानं तो वाजला. तवा मला पयल्यांदा काय वाटलं, ठाव हाय?" तिचा आवाज कधी नव्हे तो कापला. "वाटलं, बगा, माजं बरोबर होतं. खरं सांगायलीय, खूश झाले मी. घडीभरच. मग ध्यानात आलं, वाजला म्हंजे काय ते."

तिनं डोळे पुसले नाहीत. ते कोरडेच होते.

"एकतीस वर्सं कुणाला सांगितलं न्हाई. सांगायचं कुणाला?"

अंबाजीच्या हातातली टोपी खाली पडली, ती त्यानं उचलली नाही. लिंगम्मानं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "पोरगं वाचलं का तिकडं?"

"वाचलं."

"जेवलं?"

"व्हय. खिचडी केलती कुणी."

लिंगम्मानं सूप बाजूला सारलं, पदरानं ओट्यावरचा भुसा झटकला आणि ती थोडी सरकून बसली. अंबाजी पायरी चढला आणि त्या जागेवर बसला.